मनिलाला गेलेलं शेणाचं कापड

"नाक कुठंय? हिला नाकच नाही. आणि डोळे? अगं, जिच्या डोळ्यांवर अख्खा देश मरतो, तिचे डोळेच गाळलेस तू?"

माझ्या थोरल्या जाऊबाई तलासरीकडच्या एका पाड्यावर, दुसऱ्याच्या ओटीवर उभ्या राहून ओरडत होत्या. त्यांचा आवाज असा, की आमच्या नरपडच्या किनाऱ्यावरून त्यांनी हाक मारली तर खोल समुद्रातली होडी मासे टाकून परत फिरते. पाड्यावरच्या कोंबड्या केव्हाच गुजरातेत पोचल्या होत्या. हद्द तिथून जवळच आहे म्हणा.

ज्या बाईवर हा भडिमार चालला होता ती खाली बसून बांबूची काडी धूत होती. ती वारली घरातली, लग्नाच्या भिंतीवर चौक, म्हणजे देवीचं चौकोनी चित्र, लिहिणारी, आणि आता कापडावरही चित्रं काढून देणारी. आमच्या चिकूच्या वाडीत तोडणीला यायची, तेव्हापासूनची ओळख. समोर तिनं काढलेलं कापड पसरलेलं होतं. शेणानं सारवलेलं, वर गेरू, आणि त्यावर तांदळाच्या पिठानं काढलेल्या बायका. चाळीस तरी असतील. मी गावात सांगताना चारशे सांगितल्या. दोन त्रिकोण जोडले की अंग, वर गोल डोकं, की झाली बाई.

"आम्ही नाक नाय काढत," ती म्हणाली. तिच्या बोलीत सगळ्यांना एकेरीच, कलेक्टर असो की जाऊबाई.

"मग ह्यातली ती कोणती?"

"तूच सांगितलंस, सिनेमात ती कधी धुणं धुते, कधी बाळंतपण करते, कधी तुरुंगात जाते. मग मी सगळ्या काढल्या."

जाऊबाई गप्प झाल्या. माझ्या लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांना गप्प झालेलं मी हे दुसऱ्यांदा पाहिलं. पहिल्या वेळचं ते गप्प राहणं सिनेमातल्या याच नटीमुळे सुटलं होतं, म्हणून आधी ते सांगते.

आमचे थोरले भाऊजी मालवाहू जहाजावर आहेत. जहाजावरची निम्मी माणसं फिलिपिनो, आणि तिथला आचारी तर भाऊजींचा जिवलग. या आचाऱ्याच्या केबिनमध्ये एका भिंतीवर मेरीमाता आणि समोरच्या भिंतीवर त्यांच्या देशाची एक नटी. मधे एकच मेणबत्ती. ती कुणापुढे लावलीय हे त्यानं कधी स्पष्ट केलं नाही. जहाजावरची इंजिनरूमवाली मंडळी दुसऱ्याच एका नटीची, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर दोन पक्ष; भाऊजी सांगतात, एकदा अटलांटिकच्या मध्यावर या वादात भाताचं अख्खं पातेलं उलटं झालं आणि जहाज अर्धा अंश कललं. भाऊजी माझेच दीर, तेव्हा अर्धा अंश मी कमी करायला तयार आहे.

तर ही नटी. मिठागरात राबणाऱ्या बाईची मुलगी, सावळी, बुटकी. गर्दीतली बाई म्हणून तिला दिवसाच्या बोलीवर उभं केलं होतं. दिग्दर्शकानं सगळ्यांना रडा म्हणून सांगितलं, सगळ्या रडल्या, ही एकटी नुसती बघत राहिली, आणि कॅमेरा तिच्यावरच थांबला. तिथून पन्नास वर्षं. कामवाली, दाई, कोळीण, खुनी, खुन्याची आई, सगळं करून झालं. पुरस्कार इतके, की भाऊजींच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना घरात वेगळी खोली आहे आणि त्या खोलीलाही एक पुरस्कार मिळालाय. आणि तिचे चाहते म्हणजे आपल्याकडच्यासारखे शिट्ट्या मारून घरी जाणारे नव्हेत. दर रविवारी डबे घेऊन तिच्या दारात जातात. सिनेमा पडणार असं दिसलं तर पाळ्या लावून पुन्हा पुन्हा बघतात. तिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आमचा आचारी नवस म्हणून बंदरात उतरून जमिनीवर गुडघे टेकत चालला, आणि महिनाभर जहाजाला त्याच्या लंगडेपणामुळे करपलेलं जेवण मिळालं.

त्यानं भाऊजींना तिच्या सिनेमांची हार्ड डिस्क दिली. भाऊजींनी ती घरी आणून टीव्हीला लावली आणि पुन्हा जहाजावर गेले. सिनेमे त्यांच्या भाषेत, खाली काही लिहिलेलं नाही. म्हणून मी शेजारी बसून जाऊबाईंना आणि जमलेल्या बायकांना गोष्ट समजावून सांगायचे. मला ती भाषा येत नाही, पण त्यावाचून माझं कधी अडलं नाही. एका सिनेमात मी तिला तीन नवरे दिले होते. नंतर कळलं, त्यातला एक तिचा बाप होता.

मग एका वर्षी भाऊजींचं जहाज कुठल्याशा परदेशी बंदराबाहेर अडकलं. कागदपत्रांचा घोळ. फोन नाही, निरोप नाही, कंपनीचा माणूस रोज उद्या कळवतो म्हणायचा. तेव्हा जाऊबाई गप्प झाल्या. ओरडणं बंद, भांडणं बंद. घर असं शांत, की मला दातदुखी सुरू झाली. त्या एकच सिनेमा लावायच्या. त्यात ती नटी ओहोटीच्या वेळी चिखलात शिंपल्या गोळा करते, मधूनच मान वर करून समुद्राकडे बघते आणि पुन्हा वाकते. बस्स. सव्वा तास हेच. मी त्यात गोष्ट घालायला गेले तर जाऊबाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. एक दिवस त्या स्वतःशीच म्हणाल्या, "ही रडत नाही. मग मी कशाला रडू?" आणि उठून चिकूवाल्या व्यापाऱ्याशी भांडायला गेल्या. भाऊजी सुखरूप आले, पण ते नंतर.

म्हणून यंदा आचाऱ्यानं कळवलं, की तिला सरकारचा सगळ्यात मोठा मान मिळतोय, ती आता चाकाच्या खुर्चीत असते, तब्येत फार बरी नाही, आणि देशोदेशीचे चाहते आपापल्या गावचं हातानं केलेलं काहीतरी पाठवतायत, तेव्हा जाऊबाईंच्या अंगात संचारलं. चिकू पाठवता येणार नव्हते, मनिलाला पोचेपर्यंत त्यांची दारू झाली असती. "एकदा तिला कळायला हवं," त्या मला म्हणाल्या, "की नरपडमध्ये पण आपण आहोत." एवढंच हवं होतं त्यांना. बक्षीस नको, सही नको. आगर गावी दिलेली त्यांची सख्खी बहीण निव्वळ खोडसाळपणानं त्या दुसऱ्या नटीच्या पक्षात गेली होती, तिला दाखवायला फोटोसुद्धा नको.

असं ते कापड झालं. बिननाकाचं का होईना, जाऊबाईंनी घडी घालून भाऊजींच्या बॅगेत शर्टांच्या मधे ठेवलं. भाऊजींनी जहाजावर ते आचाऱ्याला दिलं आणि वर अभिमानानं माहितीही दिली: गेरू खरा, पीठ घरच्या तांदळाचं, शेण अस्सल गाईचं. आचाऱ्यानं जेवणाच्या टेबलावर कापड पसरून मोबाईलवर एक फोटो काढला आणि सुट्टी लागताच ते घेऊन मायदेशी उतरला.

तिथून जाऊबाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मनिलाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं, तर यांनी भिंतीवर दुसरं घड्याळच टांगलं. चहा आपल्या घड्याळावर, झोप त्यांच्या. अंगणातून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यावरून अंगणात अशा त्या इतक्या चालल्या, की सरळ चालल्या असत्या तर कापडाच्या आधी पोचल्या असत्या.

चौथ्या दिवशी आचाऱ्याचा निरोप भाऊजींमार्फत आला. विमानतळावर बॅग उघडली गेली. अधिकाऱ्यानं विचारलं, हे कापड कशाचं? आणि तो भला माणूस, जहाजावर तीस वर्षं राहूनही खोटं न शिकलेला, म्हणाला, शेणाचं. तिथं मी हवे होते. मी सांगितलं असतं, चॉकलेट आहे. परदेशातलं शेण देशात घ्यायचं नाही असा तिथला कायदा. अधिकाऱ्यानं हातमोजे घातले, चिमट्यानं कापड उचललं, पिशवीत बंद केलं आणि जाळायच्या ढिगात टाकलं. आचारी त्याच्या पाया पडला, नटीचं नाव सांगितलं. अधिकारी म्हणाला, माझी बायको त्या दुसरीची आहे.

इथं आमच्या घरात आयुष्यभर शेणानं सारवलेल्या जमिनीवर जेवलेल्या जाऊबाई ओसरीच्या पायरीवर बसून राहिल्या. शेण वाईट असतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मलाही. मी म्हटलं, "ताई, आपलं काही चुकलं नाही, त्यांच्या गाई वाईट असतील." त्या हसल्या नाहीत.

समारंभाच्या दिवशी दुपारी आम्ही टीव्हीसमोर नव्हतो, कारण समारंभ कुठल्याच चॅनेलवर दिसत नव्हता. फोन मधे ठेवून बसलो होतो. जाऊबाई दर मिनिटाला तो उचलून पुसायच्या, जणू धुळीमुळे निरोप अडकलाय. शेवटी एकदाचा वाजला. भाऊजींनी आचाऱ्याचं बोलणं मराठीत करून सांगितलं, आणि भाऊजींचं मराठी जहाजावर राहून असं झालंय, की तेही परत मराठीत करावं लागतं. सार असं: आचारी सभागृहाच्या दाराशी रिकाम्या हातानं उभा होता. तिची खुर्ची बाहेर आली. त्यानं मोबाईलमधला फोटो समोर धरला आणि ओरडला, इंडिया, नरपड, एक बाई. खुर्ची थांबली. तिनं फोन हातात घेतला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, कोपऱ्यातल्या एका बाईवर नख ठेवलं आणि विचारलं, हिच्या हातात काय आहे? त्याला सांगता येईना. ती म्हणाली, मग विचारून सांग. खुर्ची पुढं गेली. येत्या रविवारी तो डबा घेऊन तिच्या घरी जाणार होता.

म्हणजे आमच्याकडे चार दिवस होते.

आचाऱ्यानं तोच फोटो पाठवला होता. आम्ही मोठा केला. खरंच, कोपऱ्यातली वाकलेली बाई, आणि तिच्या हाताच्या टोकाला पांढरं, लांबट काहीतरी. वाडीतल्या बायका जमल्या. कुणी म्हणालं मासा. गुजराती शेजारीण म्हणाली कांसको, म्हणजे फणी. एकीला तान्हं मूल दिसलं. माझ्या नवऱ्याला सगळीकडे चिकूच दिसतो, तेव्हा त्याचं मत धरलं नाही. चित्रवाल्या बाईला फोन लावला, तो आवाक्याबाहेर. आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झालेली, सगळा पाडा सकाळपासून भाताच्या खाचरात, फोन घरी कुठल्यातरी खुंटीला.

रात्री झोप नाही, दिवसा स्वस्थता नाही. जाऊबाई पोळी लाटता लाटता थांबायच्या आणि लाटण्याकडे बघायच्या, हेच तर नसेल हातात. मी म्हटलं, आपण कळवून टाकू ना, पुरस्कार आहे म्हणून. तिचाच पुरस्कार तिच्याच हातात. किती शोभून दिसेल. मी असे सात पर्याय दिले, एकाहून एक सरस. एकात तर रडूच येत होतं.

"तिला फसवायचं नाही, धाकटे," जाऊबाई म्हणाल्या. "पन्नास वर्षं खोटं खऱ्यासारखं तिनंच केलंय. तिला लगेच कळेल."

असं मला आजवर कुणी बोललं नव्हतं. मी दोन तास गप्प होते. हे मात्र खरं आहे, नवऱ्याला विचारा.

शनिवारी आम्ही निघालो. सरावलीच्या रिक्षावाल्यानं स्टेशनपर्यंत सोडलं, पुढं एसटी, पुढं एक टमटम, आणि शेवटचा मैलभर बांधावरून. जाऊबाई पुढं, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून डोक्यावर धरलेला. मी मागं, दर वीस पावलांना एक चप्पल चिखलातून उपटत. बाई खाचरात वाकलेली होती, रांगेत आणखी दहा-बारा जणी. जाऊबाई बांधावरूनच सुरू झाल्या. त्या एका दमात सगळं बोलल्या: विमानतळ, हातमोजे, जाळलेलं कापड, चाकाची खुर्ची, दोन बोटं, नख. अख्ख्या देशाच्या लाडकीनं स्वतःच्या तोंडानं तुझ्या चित्राबद्दल विचारलंय आणि उद्या उत्तर द्यायचंय. रांगेतल्या सगळ्या जणी लावणी थांबवून उभ्या राहिल्या. कापड जळल्याचं ऐकून मला वाटलं, ही आता आम्हाला चिखलात लोळवते. ती फक्त बांधाजवळ आली, हात पाण्यात बुचकळून पदराला पुसले आणि फोन घेतला.

तिनं बराच वेळ पाहिलं. जाऊबाईंनी माझा दंड इतका घट्ट धरला होता, की बोटांचे वळ अजून असतील.

"सांग ना गं," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात. "काय आहे तिच्या हातात?"

बाईनं फोन परत दिला आणि रोपांची जुडी उचलली.

"काय नाय. पीठ सांडलंय तिथं."