गडग्यावरच्या बाटल्या

आमच्या घरात लिहिणारं कोणी नाही, आणि या बाईचं तर मी नावही विचारलं नाही. तरी लिहितो आहे, माफ करा.

सुका कचरा घ्यायला गाडी दारोदार जाऊ लागली, तेव्हा कॉलेजतर्फे मी तिच्यासोबत फिरलो. मालवणजवळच्या एका खाडीकाठच्या वाडीत लोक दुधाच्या पिशव्या धुऊन आणून देत. दारूची बाटली मात्र एकही घर देत नसे. त्या गुपचूप व्हाळात, खाडीला मिळणाऱ्या ओढ्यात, जात. मला ठाऊक होतं, कारण आमच्या गावात बाबांच्या बाटल्या मीच व्हाळात टाकायचो.

पण त्या वाडीतल्या या बाईने नवऱ्याच्या नऊ बाटल्या अंगणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर, कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर, ओळीने मांडल्या होत्या. एकेक पदराने पुसून ती माझ्या हातात देत होती. तिच्या पायाला फडकं बांधलेलं होतं.

शेजारीण म्हणाली, “गो, घराची अब्रू गडग्यार मांडलंस?”

“पिणाऱ्याक लाज नाय, माका कित्याक?” ती म्हणाली. “मी खाडीच्या चिखलात तिसऱ्यो-शिंपल्यो काढतंय. तुमी व्हाळात टाकलेली काच माझ्याच पायात घुसता.”

मी मान खाली घातली. संध्याकाळी फोनवर आईला सगळं सांगितलं, स्वतःचंही.

महिन्याने आईचाच फोन आला. गाडी आमच्या गावातही आली होती.

“चार बाटल्यो गडग्यार ठेवलंय. बापूस तुझो वराडलो.”

“मग?”

“मगे काय? पाचवी त्येकाच ठेवूक लावलंय.”