चिकातले मीठ

आमच्या गच्चीवरून उत्तरेला चांभारलेण्यांचा डोंगर दिसतो. चैत्रात तो सकाळी निळसर असतो आणि ऊन चढले की पांढुरका होतो. त्याच्या कडा धुळीत पुसल्या जातात. गंगापूर रोडला आम्ही घर बांधले तेव्हा मध्ये द्राक्षाचे मळे होते. आता इमारती आहेत, आणि डोंगर शेजाऱ्यांच्या दोन पाण्याच्या टाक्यांमधल्या फटीत उरला आहे. वर्तमानपत्रात नोकरीला होतो तेव्हा उन्हाळा मला बातम्यांतून कळत असे: धरणातला साठा, पाणीकपात, चढलेला पारा. निवृत्तीनंतर तो घरातून कळू लागला. माठ माळ्यावरून खाली येतो, समोरचा बहावा पिवळा होतो आणि स्वयंपाकघरात गहू भिजत पडतो.

गहू कुरडयांसाठी. तो तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचे, मग वाटून आणि गाळून त्याचा चीक काढायचा. तेवढे दिवस घराला आंबूस वास येतो. माझ्या पत्नीने हे काम वणीजवळच्या माहेरी शिकून घेतले आणि लग्नानंतर एकही उन्हाळा चुकवला नाही. आमची सून नोकरी करते, पण कुरडयांच्या दिवशी रजा घेते.

यंदाचा दिवस साधा नव्हता. थंडी संपता संपता पत्नीच्या हातून दोनदा दूध जळाले. गॅसवर पातेले ठेवून ती गॅलरीत गेली आणि विसरली. दुसऱ्या वेळी मुलगा सातपूरहून कारखान्यातली पाळी संपवून आला, तेव्हा स्वयंपाकघर धुराने भरले होते. त्याने खिडक्या उघडल्या आणि आवाज न चढवता म्हणाला, "आईनं आता गॅसजवळ जायचं नाही. स्वयंपाकाला बाई लावू."

पत्नी जळके पातेले घासत होती. "लावा बाई," ती म्हणाली. "आणि मला देव्हाऱ्यात बसवा. रोज नैवेद्य दाखवा."

सून मध्ये पडली. "आधी कुरडया होऊ द्या. मग ठरवू."

तेवढ्यावर विषय थांबला. कुरडया नीट झाल्या तर स्वयंपाकघर पत्नीकडे राहणार, बिघडल्या तर जाणार, हे कोणी बोलले नाही. पण सगळ्यांना कळले होते. तिलाही.

कुरडया घालायच्या त्या दिवशी उजाडायच्या आधी आधण ठेवले. खळखळणाऱ्या पाण्यात एकीने चीक ओतायचा आणि दुसरीने लाकडी दांड्याने हाटत राहायचे, नाहीतर गुठळ्या होतात. मी आणि आठ वर्षांची नात गच्चीवर होतो. प्लास्टिकचा कागद अंथरून कडांवर विटा ठेवणे आणि साळुंक्या व कबुतरे हाकणे, हे आमचे काम. चीक शिजला की पहिली वाटी घरातल्या मुलांना तूप घालून द्यायची, ही आमच्याकडची रीत. नातीने दोन घास खाल्ले आणि वाटी माझ्यापुढे सरकवली.

"आजोबा, तुम्ही खा."

"का गं?"

"समुद्रासारखं लागतंय."

"समुद्र कधी चाखलास तू?"

"दापोलीला. पडले होते ना तोंडावर."

मी चमचाभर खाल्ला. मीठ दुप्पट होते. तोवर दोघी चिकाचे पातेले घेऊन वर आल्या होत्या. पत्नीने सोऱ्या भरून पहिली ओळ घातली. चीक गार झाला की सोऱ्यातून उतरत नाही, त्यामुळे मध्येच थांबायची सोय नसते. मी वाटी बाजूला ठेवली. पण ती तशीच का उरली, हे बघायला तिने स्वतःच बोट घालून चाखले. सोऱ्यावरचा हात क्षणभर थांबला. मग ती पुन्हा दाबू लागली आणि शेवटची कुरडई घालूनच उठली. ओळी नेहमीसारख्या सरळ होत्या.

दिवसभर मी टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून राखण केली. कुरडया आधी काचेसारख्या दिसतात, मग कडेने पांढऱ्या होत आत वाळत जातात. दुपारी वारा पडला. एक बुलबुल कठड्यावर येऊन चोच उघडी ठेवून बसला. त्याला हाकलण्याची गरज नव्हती. उन्हात सगळेच कमी बोलतात. घरातही त्या दिवशी तसेच होते, पण ते उन्हामुळे नव्हते.

रात्री जेवताना पत्नीने मुलाकडे पाहून सांगितले, "कुरडया खारट झाल्यात. मीठ मी दोनदा घातलं असणार. मला आठवतंय एकदाच, पण माझ्या आठवण्याचं काय धरायचं. बाई बघ तू."

मुलाला हेच हवे होते. तरी त्याने हातातला घास परत ताटात ठेवला.

"आई, तुम्ही एकदाच घातलंत," सून म्हणाली. "तुम्ही तुळशीला पाणी घालायला गेलात ना, तेव्हा आधणात मी मीठ घातलं होतं. तुम्ही विसराल, असं वाटलं. मग मी सोऱ्या धुवायला गेले, तेवढ्यात तुम्ही घातलंत. चीक ओतून झाल्यावर मिठाचा डबा उघडा दिसला, तेव्हा मला कळलं."

"मग सकाळीच का नाही बोललीस?"

"धीर झाला नाही."

"आणि घालताना विचारलं का नाहीस?"

"तुम्हाला राग आला असता."

"आला असता," पत्नी म्हणाली. "येऊ द्यायचा. राग जातो घटकाभरात. हे मीठ कुठं जायचंय आता?"

 मग उत्तरही पत्नीनेच दिले. कुरडया तळायच्या नाहीत, गरम पाण्यात भिजवून त्यांची भाजी करायची. मीठ पाण्याबरोबर निघून जाते. फोडणीला कांदा सढळ घालायचा.

"म्हणजे वर्षभर भाजीच?" मुलाने विचारले.

"तुझ्या बायकोला विचार. तिची पाककृती आहे."

सून हसली. मुलगाही. नातीने आपल्याला भाजी चालणार नाही, असे तेव्हाच सांगून टाकले.

बाई लावली गेली नाही. पण दूध जळाले होते, ही गोष्ट खरी होती आणि ती कोणी नाकारली नाही. पत्नीनेच सुनेला सांगितले, "मी गॅसपाशी असले की विचारत जा. मी चिडेन. तरी विचार." तेव्हापासून आमच्या घरात मोठ्याने विचारले जाते: गॅस बंद केला? झाकण काढलं? मीठ घातलं? पत्नी चिडते आणि उत्तर देते. घर पूर्वीपेक्षा गोंगाटाचे झाले आहे. माणूस विसरू लागला की घरचे त्याच्यामागून हळूच आवरत जातात आणि त्याला कमी कमी विचारतात. माझ्या वडिलांच्या शेवटच्या दिवसांत आम्ही तसेच केले होते आणि त्याला सेवा समजत होतो.

वैशाखातल्या एका सकाळी मी ओट्याशेजारी पेपर वाचत होतो. आमटी उकळत होती. सुनेने आतून विचारले, "आई, मीठ घातलं?"

एरवी "घातलं" हा शब्द आदळतच येतो. त्या दिवशी पत्नी पातेल्याकडे बघत राहिली.

"आठवत नाही," ती म्हणाली. "चाखून बघ."

सून बाहेर आली, तळहातावर थेंबभर घेऊन चाखले. "नाहीये."

"मग घाल तू," पत्नी म्हणाली आणि कोथिंबीर निवडू लागली.