लांब दगड आत

जालन्याहून अंबडकडे जाताना रस्त्याच्या कडेला एक पत्र्याचं शेड लागतं. तिथे मी दगडाचं बांधकाम शिकवतो. शेड एका संस्थेचं आहे, दगड आसपासच्या विहिरींतला. आमच्याकडे विहीर खणायला घेतली की पाणी लागेल न लागेल, दगड हमखास लागतो आणि तो बांधाच्या कडेला ढीग होऊन वर्षानुवर्षं पडून राहतो. मालकाला मागितला तर घेऊन जा म्हणतो, वर चहाही पाजतो. त्यामुळे दगडाची आम्हाला कधी ददात पडली नाही. पडते ती माणसांची. काम शिकायचंय म्हणून हौसेनं येणाऱ्यांतले बरेच जण पहिल्याच आठवड्यात बोटावर हातोडा बसला की गायब होतात. मी कुणाच्या मागे जात नाही.

मी स्वतः बापाच्या हाताखाली शिकलो. बाप शिकवायचा म्हणजे काय, तर मी चुकलो की हातातली छन्नी काढून घ्यायचा आणि स्वतः कामाला लागायचा. तोंडातून शब्द नाही. आपलं काय चुकलं ते आपणच बघत बसायचं. मी बोलतो, आणि जरा जास्तच बोलतो असं शिकणाऱ्यांचं म्हणणं आहे. असेल. दगडाला ऐकू येत नाही म्हणून माणसांना ऐकवत असेन.

संस्थेचे एक साहेब मधूनमधून येऊन धंदा कसा करायचा ते शिकवतात. गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं, कामाचे फोटो मोबाईलवर कसे टाकायचे, तोंडी न ठरवता लिहून का घ्यायचं. चांगलं शिकवतात. शेतातली घरं, ढाबे, मंगल कार्यालयं, सगळ्यांनाच आता काळा दगड हवाय आणि तो बांधणारे हात राहिलेले नाहीत, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. त्यांचं बोलून झालं की मी माझी एक भर घालतो: पहिलं काम सासरवाडीचं घ्यायचं नाही. सगळे हसतात. पण मी चेष्टा करत नसतो. सासरवाडीत तुम्ही जावई असता, मिस्त्री नसता. जावयाला ताटात वाढून मिळतं, पण त्याचं ऐकत कुणी नाही.

शिकून झालं की प्रत्येकानं एक भिंत बांधायची, आणि मग ती उतरवायची, कारण तोच दगड पुढच्या लोकांना लागतो. आमच्यात एक रीत आहे. आपण बांधलेली भिंत आपल्या हातानं उतरवायची नाही. बाप पाळायचा, मी पाळतो, का ते मला माहीत नाही. म्हणून एकाची भिंत दुसऱ्यानं उतरवायची. माझ्या दृष्टीनं तीच परीक्षा. बाहेरून सगळ्याच भिंती बऱ्या दिसतात. आत काय भरलंय ते उतरवतानाच कळतं.

एका वर्षी एका शिकणाऱ्याची भिंत उतरवताना दोघे जण घामाघूम झाले. दगड सुटेना. शेवटी पहार घालावी लागली. ती भिंत ज्याची होती तो बाजूला चेहरा पाडून उभा होता, जणू त्याचंच काही चुकलंय. मला मात्र आनंद झाला होता. असे हात रोज येत नाहीत.

हा माणूस अंतरवाली सराटीच्या पलीकडच्या एका गावात घरजावई होता. तिशी ओलांडलेली, बोलणं कमी. सासरे पूर्वी मेंढरं घेऊन फिरायचे, आता शेती आणि थोडी मेंढरं. मेंढरं हाच सांभाळायचा. घरातला कारभार मेव्हण्याच्या हाती, बायकोच्या थोरल्या भावाच्या. छळ वगैरे काही नव्हता. जेवायला मिळत होतं, सणाला कपडे मिळत होते. पण घरात काही ठरत असलं की याला कुणी विचारत नसे, आणि हाही उठून गोठ्याकडे जात असे. दगडकामाला तो सकाळी मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करून यायचा, आणि त्यावरूनही त्याला टोमणे बसायचे.

एकदा दुपारी भाकरी खाताना त्यानं मला आपलं मन सांगितलं. अंबडला एखादी खोली घ्यायची, नवराबायकोनं वेगळी चूल मांडायची, दगडाची कामं धरायची. बायकोची तयारी होती. फक्त एक काम असं हवं होतं की जे बघून लोक बोलावतील. मी विचारलं, मेंढरांचं एवढं काय वाईट आहे?

"मेंढरामागं जायचं वाईट न्हाई वाटत, वस्ताद," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या मेंढरामागं जाऊ राह्यलो, तेचं वाटतं."

त्याला पहिलं काम मिळालं ते सासऱ्याच्याच गावचं. बिरोबाचं देऊळ टेकाडावर आहे, त्याच्या पटांगणाला उताराच्या बाजूनं दगडी भिंत घालायची होती. सासऱ्याच्या शब्दावर गावानं ते काम त्याला दिलं आणि देखरेख मेव्हण्याकडे आली. मी त्याला परत तेच सांगितलं, जे सगळ्यांना सांगतो. तो म्हणाला, दुसरं कोण देणार हाये मला? तो गेला.

पावसाळा सरता सरता त्याचा फोन आला.

"वस्ताद, भिंतीला पोट आलंय."

पाठोपाठ फोटो आला. भिंतीच्या दोन टोकांना त्यानं सुतळी ताणून धरली होती, आणि मधोमध भिंत सुतळीच्या बाहेर आली होती. भिंत तशी देखणी होती. लांबच लांब काळे दगड, बारीक सांधे, एका ओळीत. फोटो बघूनच माझ्या लक्षात यायला हवं होतं ते आलं, तरी मी विचारलं, की लांब दगड कुठे घातले?

तो म्हणाला, "बाहीर."

आता हे समजावून सांगायला हवं. दगडी भिंत म्हणजे खरं तर पाठीला पाठ लावून उभ्या केलेल्या दोन भिंती असतात, मध्ये कपच्या आणि गारा, म्हणजे कालवलेली माती. त्या दोघींना धरून ठेवतो तो लांब दगड. तो आडवा आत घालायचा, या अंगापासून त्या अंगापर्यंत. बाहेर त्याचं फक्त वीतभर तोंड दिसतं. लांब दगड मिळणं कठीण, घडवणं त्याहून कठीण, आणि एवढा घडवून तो भिंतीच्या पोटात घालायचा, हे ज्याला काम माहीत नाही त्याच्या जिवावर येतं. मेव्हण्याच्या आलं. त्याचं म्हणणं होतं की उद्या जत्रेला पंचक्रोशीतले लोक येतील, एवढा मोठा दगड असा लांबच्या लांब दिसला पाहिजे, आत घालून वाया कशाला घालवायचा. आणि यानं ऐकलं. सगळे लांब दगड बाहेरून लावले. पाऊस झाला, मधल्या गाऱ्यात पाणी शिरलं, पटांगणाच्या मातीनं रेटा दिला, आणि दोन्ही भिंती एकमेकींपासून सुटल्या.

मला राग आला. मेव्हण्याचा नाही, त्याला काय कळतं. याचा आला. ज्याची भिंत उतरवायला पहार लागली होती त्यानं हे करावं? मी त्याला फोनवर बरंच काही बोललो. त्यानं मुकाट्यानं ऐकून घेतलं आणि मग सांगितलं, की मेव्हणा म्हणतोय दरजांमध्ये सिमेंट भरून टाक, बाहेरून कुणाला कळायचं नाही. पण भिंतीखाली शेरडं बांधतात, पोरं खेळतात. भिंत उतरवायचीच असं त्यानं ठरवलं होतं. फक्त ती त्याच्या हातानं उतरवायची नव्हती, आणि बरोबर शिकलेले सगळे बाहेरगावी कामाला होते. तुम्ही येता का, असं त्यानं विचारलं.

अंबडला एसटीनं उतरून पुढे जीपनं गेलो. गावच्या चौकातल्या चहाच्या टपरीवरच कळलं की बातमी सगळीकडे पोहोचली आहे. बांधताना नारळ फुटतो, हार पडतात. उतरवताना त्यातलं काही नसतं, बघे मात्र तेवढेच असतात. देवळापाशी तो उभा होता, त्याची बायको रिकामं घमेलं घेऊन उभी होती. मेव्हणा बाजूला मोबाईलवर कुणाशी तरी बोलत होता आणि माझ्याकडे बघत नव्हता. मी वरचा थर काढायला घेतला. माझ्या हातचे दगड ती दोघं बाजूला रचत होती. दगड सहज निघत होते, आणि ते मला अजिबात आवडत नव्हतं.

दोनतीन थर गेले तोवर सासरे आले. म्हातारा काठी टेकत चढण चढून आला, कडेला जाऊन आत वाकून बघू लागला. वरून आता स्पष्ट दिसत होतं. इकडे दगडांची एक ओळ, तिकडे दुसरी, मध्ये हातभर फट आणि ओला गारा. म्हाताऱ्यानं त्या फटीत काठी घातली. काठी बरीच खाली गेली.

"म्या एक भिंत सांगितल्ती," तो म्हणाला. "ह्या दोन कशा?"

मेव्हण्यानं फोन खिशात टाकला. मी बोलणार होतो, जीभ वळवळत होती, पण ते माझं काम नव्हतं. जावयानं हातातला दगड खाली ठेवला.

"माझ्या हातानं झालं, मामा," तो म्हणाला. "चूक माझी हाये."

त्यानं मेव्हण्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, संपलं. एवढ्या लोकांसमोर कबूल केल्यावर आता हा मेंढरांकडे जाणार आणि तिथेच राहणार. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी त्याचा अभिमानही वाटला आणि त्याला दोन ठेवून द्याव्यात असंही वाटलं.

तेवढ्यात त्याच्या बायकोनं घमेलं खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. भावाकडे बघत ती म्हणाली, "दादा, तू सांगितल्तं. मी हितंच उभी व्हते. ह्येंनी दोनदा न्हाई म्हणलं. तवा तू म्हणला, आमच्या घरी राहून आमालाच शिकवतो का."

मेव्हणा काहीतरी बोलायला गेला, पण सगळं गाव ऐकत होतं. म्हातारा काठीवर दोन्ही हात ठेवून खूप वेळ त्या फटीकडे बघत राहिला. आपल्याच घरात काय बोललं जातं ते त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की कळत असूनही त्यानं आजवर कानाआड केलं होतं, हे मला सांगता येणार नाही. मग तो सगळ्यांकडे वळला.

"भिंत पुरी होस्तोर हिकडं कुणी फिरकायचं न्हाई," तो म्हणाला. "जावई म्हणतील तसंच व्हईल. म्या बी येत न्हाई."

आणि तो काठी टेकत उतरून गेला. त्याच्या मागोमाग बघेही पांगले. मेव्हणा सगळ्यांत शेवटी गेला. मी संध्याकाळपर्यंत राहिलो, उरलेली भिंत पायापर्यंत उतरवून दिली, आणि शेवटच्या जीपनं परत आलो. पुढचं त्याचं काम होतं, त्यात मी लुडबूड केली नाही. मध्ये त्याचा फोनही आला नाही. म्हाताऱ्यानं शब्द पाळला असं नंतर कळलं. देवाला नमस्कारही तो खालच्या रस्त्यावरूनच करायचा.

दिवाळीनंतर पूजेचं बोलावणं आलं आणि मी गेलो. भिंत पहिल्यासारखी देखणी नव्हती. लांब दगड आत गेले होते, बाहेर त्यांची आखूड तोंडं तेवढी दिसत होती, त्यामुळे ती जरा ठेंगणी, खडबडीत वाटत होती. एकदोघे तसं बोललेही. मी सुतळी लावून बघितली, मग हाताच्या बुक्कीनं ठिकठिकाणी ठोकून बघितली. मला काही म्हणायला जागा सापडली नाही, आणि मी हे त्याला तसंच सांगितलं. तो नुसता हसला. मेव्हणा पंगतीत वाढत होता. माझ्या ताटात त्यानं बळेच जास्त वाढलं.

म्हातारा सगळ्यांची जेवणं उरकत आली तेव्हा वर आला. देवाच्या पाया पडला. मग पटांगणात न थांबता वळसा घालून भिंतीच्या खालच्या अंगाला गेला, जिथून ती सर्वांत उंच आहे. तिथे तो ऊन-सावली बघून एक जागा धरून खाली बसला. काठी बाजूला ठेवली, पाय लांब केले, भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटून घेतले.