जवळ्याची आडवी रेघ

शुक्रवारी दुपारी अंधेरीच्या ऑफिसात मी एक रेघ पुसली... आणि तेव्हापासून जिवाला चैन नव्हतं.

आमचं ॲप कुठला पदार्थ तुम्हाला चालेल, कुठला नाही ते सांगतं. त्यामागे एक मोठा नकाशा आहे, ऑन्टॉलॉजी म्हणतात त्याला. स्क्रीनवर प्रत्येक जिन्नसाचा एक गोल, आणि कोण कशात मोडतं हे दाखवणाऱ्या रेघा. माऊसने गोल ओढायचे, रेघा जोडायच्या, नको त्या काढायच्या.

मला पसारा बघवत नाही. त्या दिवशी ‘जवळा’ या गोलातून निघालेली एक रेघ अख्खी स्क्रीन कापत पार दुसऱ्या टोकाला चालली होती. जवळा ‘सुकी मासळी’त होताच... आमच्या घरी बोंबील, बांगडा, जवळा सगळं एका डब्यात, सगळ्याला एकच नाव, ‘सुकं’. मग ही रेघ कशाला? टूलने विचारलं, नक्की काढायची? मी बघितलंही नाही, हो म्हटलं. स्क्रीन काय झकास दिसायला लागली!

पण घरी येताना काहीतरी टोचत राहिलं. गॅस चालू राहिलाय असं वाटतं ना, तसं. शनिवारी दोनदा लॅपटॉप उघडला, दोनदा बंद केला.

रविवारी मुलुंडला आईकडे जेवायला गेले होते, दादा-वहिनीही आले होते. वहिनी नागपूरची, लग्नानंतर मासे खायला शिकली. तिला कोळंबी अजिबात चालत नाही... एकदा तोंड सुजून श्वास अडकला होता, दादाने तिला रिक्षात घालून हॉस्पिटल गाठलं होतं.

आईने जवळ्याची चटणी केली होती आणि ती वहिनीपासून लांब ठेवली होती. वहिनीने फोनमध्ये आमचं ॲप बघितलं आणि वाटी पुढे ओढली. “आई, हे चालतं मला. हिरवं दाखवतंय.”

“चालतं काय?” आईने वाटी उचललीच. “अगो, बारकी कोळंबीच ती!”

माझा घास हातातच राहिला. ती रेघ कोळंबीकडे जात होती.

खरकट्या हातानेच उठले. बॅगेतला लॅपटॉप पलंगावर उघडून रेघ परत जोडली आणि ऑफिसच्या सरांना फोन करून चूक सांगितली. बदल ॲपवर यायला अर्धा तास लागला. तो अर्धा तास मी नुसती आतबाहेर करत होते. दोन दिवसांत अजून किती जणांनी ते हिरवं बघितलं असेल... अजूनही तक्रार आलेली नाही, पण मी रोज बघते.

वहिनीला सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल, चिडायलाच हवं होतं. ती एवढंच म्हणाली, “अगं, तुझं ॲप आहे म्हणून तर मी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही.”

ती रेघ आता पुन्हा स्क्रीन कापत जाते. काल नवीन आलेली मुलगी म्हणाली, “ही जरा सरळ करू का गं?”

म्हटलं, हात नको लावूस... आधी माझ्या आईला फोन करू.