निगेटिव्ह म्हणजे शिक्षा

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही — आणि त्याला मी बहुतेक सगळं सांगते, त्याने विचारलं नाही तरी. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही कुंदाला ओळखत नाही, म्हणून असेल.

कुंदा माझी कॉलेजातली मैत्रीण. मी मुलुंडची, ती विक्रोळीची. गिरण्यांचा संप होऊन दोनेक वर्षं झाली होती. तिच्या वडिलांची गिरणी बंद पडली आणि ते विक्रोळीतच एका कारखान्यात पॅकिंगला लागले होते. एफ.वाय.ला आम्ही दोघींनी मानसशास्त्र घेतलं. तिने घेतलं, कारण माणसं अशी का वागतात ते तिला समजून घ्यायचं होतं. मी घेतलं, कारण तिने घेतलं.

विषय इंग्रजीतून, आणि आम्ही दोघी मराठी शाळेतल्या. एकदा वर्गात मी उभी राहिले आणि म्हणाले, "ॲक्च्युअली, मॅडम..." पुढे काय म्हणाले ते मला आठवत नाही, मॅडमनाही कळलं नसावं. पण कुंदाच्या लेखी मी त्या दिवसापासून स्कॉलर. माझं इंग्रजी 'ॲक्च्युअली'ला सुरू होऊन तिथेच संपतं, हे तिला सांगायला हवं होतं ना? हवं होतं. पण छान वाटत होतं यार — कुणाच्या तरी लेखी हुशार असणं.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात मी रोज दुपारी उजळणीला तिच्याकडे जायचे. मी पुस्तकातलं वाचायचे, मग मराठीत समजावायचे. घंटा आणि कुत्र्याचं प्रकरण सोपं होतं. घंटा वाजते, मग खाणं येतं. असं बरेच दिवस झालं की नुसत्या घंटेने कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. माझं सांगून होतंय तोवर कुंदा म्हणाली, "म्हणजे बाबांच्या कारखान्याचा भोंगा! पाचचा भोंगा झाला की आई चहा टाकते. आता भोंगा ऐकला ना, की मला जिभेवर बिस्कीट लागतं. सुट्टीच्या दिवशी बाजूच्या कारखान्याचा वाजला तरी!"

पुस्तकाने अडीच पानं घेतली होती. हिने एका दमात संपवलं. मी मान डोलावली — जणू हेच सांगायचं माझ्या तोंडावर आलं होतं.

आणि मग आलं 'निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट'.

तो धडा मी वाचलाच नव्हता. समोर आला की कळेल, असं धरून चालले होते. समोर आला आणि काही कळलं नाही. आता, 'हे मला येत नाही गं' या वाक्याला किती शब्द लागतात? मी घसा खाकरला, पाणी मागितलं, प्यायले.

"शिक्षा गं," मी म्हणाले. "ॲक्च्युअली, शिक्षाच."

"म्हणजे आई लाटणं हाणते, ते?"

"तेच."

स्टोव्हपाशी तिची आई बसली होती. "माझां नाव कित्याक घेतास गो?" तिने विचारलं.

"आई, तू पुस्तकात आहेस!" कुंदा म्हणाली.

बाई इतकी खूश झाली की तिने मला दोन घावणे जास्त वाढले. मी खाल्ले.

इथवर नुसता अडाणीपणा होता. खरं पुढे आहे — आणि मी तिथे यायचं टाळतेय, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी कॉलेजच्या लायब्ररीत तो धडा एकदाचा वाचला. डिक्शनरी मांडीवर घेऊन, तीनदा. शिक्षा नव्हतीच ती. शिक्षेने माणूस करत असलेलं काम सोडतो. इथे उलटं — कटकट थांबते म्हणून माणूस काम करायला लागतो. आई 'पाणी भर, पाणी भर' म्हणून डोकं खाते. तुम्ही हंडा उचलला की ती गप्प होते. म्हणून दुसऱ्या दिवशी तुम्ही आपणहून हंडा उचलता. बस, एवढंच.

तेवढ्यात कुंदा आली. इस्त्रीची ओढणी, दोन पेनं, घरच्या देवाचं कुंकू. त्या वर्षी सगळे विषय सुटले तरच पुढे शिकवणार, असं वडिलांनी तिला बजावलं होतं, आणि कणकवलीचं एक स्थळ घरी येऊन चहा पिऊनही गेलं होतं. हे सगळं मला माहीत होतं.

"विजू, निगेटिव्ह म्हणजे शिक्षा. झकास पाठ झालंय बघ. बरोबर ना?"

पेपरला चाळीस मिनिटं होती. दोन वाक्यं पुरली असती. पण मग ती विचारणार, 'म्हणजे तुला येत नव्हतं?' — आणि माझं काय राहणार होतं?

"बरोबर," मी म्हणाले.

पेपरात प्रश्न आला: शिक्षा आणि निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट यांतला फरक सोदाहरण स्पष्ट करा. बाजूच्या बाकावर कुंदा भराभर लिहीत होती, चेहऱ्यावर नुसता आनंद. फरक काहीच नाही, हे तिने आईच्या लाटण्यासकट चार पानं भरून सिद्ध केलं. मी बरोबर उत्तर लिहिलं. आणि घंटेच्या प्रश्नात उदाहरण दिलं — कारखान्याच्या भोंग्याचं. हो, तिचंच.

मला वर्गात सर्वाधिक मार्क मिळाले. मॅडमनी भोंग्याचं उदाहरण वाचून दाखवलं. कुंदा तीन मार्कांनी नापास.

वडिलांनी तिला घरी बसवलं. स्थळ मात्र तिने रडून-ओरडून परतवलं, आणि ऑक्टोबरच्या परीक्षेला एकदा बसायची परवानगी मिळवली. मला पुन्हा बोलावणं आलं. मी गेले. या वेळी सगळं नीट शिकवलं — कटकट, हंडा, सगळं.

ती ऐकत होती. मग पेन खाली ठेवून म्हणाली, "पण विजू, तेव्हा तू शिक्षा म्हणाली होतीस."

बघा, देवाने दुसऱ्यांदा संधी दिली होती. घरात आई नव्हती, दुपारची वेळ, आम्ही दोघीच. आणि मी काय म्हणाले?

"मी असं कसं म्हणेन? तुझं लक्षच नव्हतं, कुंदा."

तिचे डोळे भरले, आणि ती मला — मला — म्हणाली, "सॉरी यार. मी आहेच तशी धांदरट."

ती नव्हती तशी. तिच्याइतकं लक्ष देऊन ऐकणारं माणूस मी पुढेही पाहिलं नाही. ती पास झाली, एक वर्ष मागे राहून बी.ए. झाली, बोरीवलीच्या एका शाळेत तिने जन्मभर शिकवलं. पण कुकरची शिट्टी मोजायची राहिली की "मी धांदरट", बस चुकली की "माझं लक्षच नसतं". हे तिला कुठून मिळालं, ते जगात एकट्या मला ठाऊक आहे.

मागच्या महिन्यात तिच्या नातीचं बारसं होतं. जेवणाच्या पंगतीत कुंदाने तो किस्सा स्वतःच काढला. "ही बिचारी जीव तोडून शिकवतेय, आणि मी काय ऐकलं? शिक्षा! आईचं लाटणं लिहून आले पेपरात!" सगळे पोट धरून हसले. तिची सून माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, तुमची कमाल आहे, एवढा पेशन्स!"

मी हसले. सगळ्यांपेक्षा मोठ्याने. आणि म्हणाले, "अगं, पहिल्यापासून अशीच आहे ती."