टाचून ठेवलेलं शेवटचं प्रकरण

माझ्या भाचीला एक वाईट खोड आहे. गोष्टीचं पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान! सुरतेजवळ बमरोलीत राहते, गुजराती शाळेत सहावीत आहे, आणि मराठी वाच म्हटलं की कारलं खाल्ल्यासारखं तोंड करते. म्हणून मुद्दाम शोधून एक रहस्यकथा नेली. जुन्या काळातलं सुरत बंदर, जहाजावरून गायब झालेली पेटी, आणि ती शोधणारी बारा वर्षांची मुलगी. या वयाच्या पोरांना द्यायला याहून झकास पुस्तक मला तरी माहीत नाही.

पण शेवट आधीच कळला तर रहस्य काय डोंबलाचं? तिची आई, म्हणजे माझी वहिनी, घरीच साड्यांना लेस लावते. तिचीच सुई घेतली आणि शेवटचं प्रकरण कडेकडेने टाचून टाकलं.

"आत्या, तू बरी आहेस ना?" भाचीने विचारलं.

ठरलं असं, की शाळेतून आल्यावर भाचीने दोन पानं मोठ्याने वाचायची आणि वहिनीने काम करता करता ऐकायची. वहिनीची शाळा चौथीत सुटली. "अक्षरं सगळी गेली माझी," असं ती ठसक्यात सांगायची, जणू कुणी उसनी नेलीत.

पण वहिनीबाई गोष्टीत अशा अडकल्या की विचारू नका. "तो मुनीमच चोर. नजर बघा मेल्याची!" नजर पुस्तकात कुठून दिसली, देव जाणे.

टाचलेल्या प्रकरणापाशी आल्यावर भाचीची परीक्षा सुरू झाली. वाचन बंद. वहिनीचा मला फोन, "ताई, तुम्ही तरी सांगा, पेटी कोणी नेली?"

"वाच की स्वतः," मी हसत म्हटलं.

"माझी थट्टा करता होय?" फोन बंद. आवाज रडवेला होता. मला फार वाईट वाटलं.

रविवारी धावतपळत गेले. बघते तर टाके उसवलेले, पान एकही फाटलेलं नाही. मी भाचीवर डाफरले.

"मी नाही, मम्मीने!"

वहिनी साडीतून मान वर करेना. "चार दिवस लागले, ताई. जोडाक्षरं लई छळतात." मग चिडून म्हणाली, "आणि मुनीम निघालाच नाही!"

"मग कोण होतं? सांग ना मम्मी," भाची तिच्या मागेच लागली.

वहिनीने पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. माझ्याकडे तिरक्या नजरेने बघत माहेरच्या अहिराणीत म्हणाली, "माले कोनी सांगं व्हतं का? वाच."