बुरशीचं नाव कळेपर्यंत

गेल्या वर्षी देवावरचा माझा विश्वास उडायचाच काय तो बाकी होता. ह्यांची बँकेतली बदली जयपूरला झाली, तिथल्या मानसरोवर भागात बिऱ्हाड लागलं, आणि साखर वाढून ह्यांचा डावा गाल सुजला. डोळा पुढे येऊ लागला. सायनसमध्ये बुरशी आहे एवढं डॉक्टरांना कळलं. कोणती, ते कळेना. एका जातीचं औषध दुसरीला चालत नाही, आणि काळ्या बुरशीवरचं औषध ह्यांच्या आधीच दुखावलेल्या मूत्रपिंडांना झेपेल का, ही धास्ती. बुरशी वाढवून ओळखायची तर ती वाढेल तेव्हा खरं. जनुकीय तपासणीत म्हणे दिवसभरात नाव कळतं. मी गणपतीला एकच विनवत होते, काळी नसू दे.

नाकातून तुकडा काढला आणि रीतीप्रमाणे बाटली नातेवाइकाच्या, म्हणजे माझ्या हातात दिली. जनुकीय तपासणीसाठी ती सी-स्कीम भागातल्या लॅबमध्ये पोचवायची होती. नेमका बुधवार, इथला गणपतीचा वार. मोती डुंगरीच्या गणपतीच्या गर्दीत रिक्षा अडकली. एरवी मी याच रांगेत उभी असते, आणि आज यानंच माझी वाट अडवावी? मनातल्या मनात त्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

लॅबमधल्या मुलीनं बाटली पाहिली. "मॅडम, ये तो फॉर्मॅलिन में है. हमें सलाइन में चाहिए था."

फॉर्मॅलिननं जनुकं खराब होतात, मग ही तपासणी नीट होत नाही. पण बायोप्सी म्हटली की फॉर्मॅलिन, ही ऑपरेशन थिएटरची सवय. तपासणी लिहिणाऱ्यानं सांगितलं नाही, तुकडा टाकणाऱ्यानं विचारलं नाही. पुन्हा भूल देणं ह्यांना सोसवणार नव्हतं. मी बाकावर बसून रडले, निव्वळ संतापानं.

शेजारी सासूचा थायरॉइडचा रिपोर्ट न्यायला आलेली एक बाई होती. काय झालं ते तिनं विचारून घेतलं. म्हणाली, "बहनजी, अस्पताल में पूछिए. माइक्रोस्कोप के लिए भी टुकड़ा रखा होगा, वो सलाइन में रखते हैं." फोनही तिनंच लावला. तुकडा होता, अजून फेकला नव्हता. तिनं मला स्कूटीवर नेलं आणि तो घेऊन परत आणलं. हे तुम्हाला कसं ठाऊक, असं मी वाटेत विचारलं. ती समोर बघतच म्हणाली, "मेरे पति की रिपोर्ट तेरहवीं के बाद आई थी."

दुसऱ्या दिवशी नाव आलं. काळी बुरशीच. जे नको म्हणून मी देवाच्या मागे लागले होते, तेच. पण डॉक्टरांचं अडखळणं संपलं. लगेच औषध सुरू झालं आणि शस्त्रक्रियाही झाली. मूत्रपिंडांनी त्रास दिला, पण माणूस राहिला, डोळाही राहिला.

आता मी मागणं बदललं आहे. काय व्हावं ते त्यानं ठरवावं. मला वेळेत कळावं आणि कळल्यावर उभं राहता यावं, एवढंच. माझी चिडचिड काही गेलेली नाही, तीही त्याच्याच पायाशी ठेवते. त्या बाईसाठी रोज हात जोडते. माझ्या वेळी आलेली मदत तिच्या वेळी का आली नाही, हे मात्र त्याला विचारायचा धीर अजून होत नाही.